कॉलेजच्या गावात नवा कॅफे पारखताना

पहिल्या खेपेला नुसती एस्प्रेसो, म्हणजे यंत्राच्या दाबाने उतरवलेली छोटी कडक काळी कॉफी, मागवा. दूध-साखरेत चुका लपतात. १८ ग्रॅम पावडरीतून २५ ते ३० सेकंदांत साधारण ३६ ग्रॅम कॉफी उतरायला हवी. पंधरा सेकंदांतच धार फिकट, पातळ पडली तर दळण जाड आहे, कॉफी आंबट लागणार. थेंबथेंब गळून कडवट झाली तर दळण फार बारीक.

कॉलेज सुटल्यावर गर्दी उसळते, तेव्हा प्रत्येक कपानंतर दूध तापवून फेसाळणारी वाफेची नळी पुसतात का, एवढं बघाच. नळीवर वाळलेल्या दुधाची पिवळट खपली दिसली, तर तिथे कापुचिनो नकोच! दूध ६० ते ६५ अंशांवर थांबवलं की छान गोडसर लागतं. ७० च्या पुढे उकळल्याचा वास येतो. बियांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर बिनधास्त विचारा.