टोकियोत आलात तर एक संध्याकाळ आंघोळीसाठी ठेवा

मामेबहीण एप्रिलमध्ये टोकियोला येतेय. "काय काय करायचं, यादी पाठव," असा तिचा मेसेज आला आणि मी पहिल्याच ओळीत लिहिलं, सेंतो. म्हणजे गल्लीतलं सार्वजनिक न्हाणीघर. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं, "शी! सगळ्यांसमोर?" मग घरच्या ग्रुपवर एकेकीने भर घातली. एका काकूंनी तर "तिकडे राहून लाज सोडलीत" असंही लिहून टाकलं. तिथे मी गप्प बसले. पण ते वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून हे लिहायला बसले.

बाकीची यादी आधी सांगून टाकते. शिंजुकूला महानगर सरकारच्या इमारतीच्या पंचेचाळिसाव्या मजल्यावरून, २०२ मीटर उंचीवरून शहर बघायचं, तेही फुकट. असाकुसाला सेन्सोजीचं देऊळ सगळेच करतात, पण तिथून थोडं पुढे चालत सुमिदा नदीकडे मात्सुचियामाला जरूर जा. तिथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपती. मूर्तीचं दर्शन होत नाही, ती बंद असते. आणि त्याला वाहायचा मुळा! तो तिथेच विकत मिळतो, पांढराशुभ्र, जाडजूड. वाईच्या ढोल्या गणपतीसमोर वाढलेल्या माझ्या बाबांनी तो मुळा दोन्ही हातांत धरून असा काही भक्तिभावाने ठेवला की मला भरून आलं.

आता सेंतो.

आई-बाबा दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात आले होते. आमच्या इथल्या घरातलं न्हाणीघर एवढंसं, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. बाबांना थंडी सोसत नव्हती आणि ते रोज बंबाची आठवण काढायचे. वाड्यातला तांब्याचा बंब, त्यात सारलेल्या ढलप्या, धुराचा वास लागलेलं पाणी. वाडा पाडून फ्लॅट झाला तेव्हा तो बंब मोडीत गेला, याचं त्यांना अजून वाईट वाटतं. तेव्हा मला सुचलं की यांना सेंतोला न्यावं. बाबा जावयाबरोबर लगेच तयार झाले. आई म्हणाली, "मी बाहेर बसते."

आमचं सेंतो घरापासून चालत दहा मिनिटांवर. दारावर निळा पडदा आणि त्यावर मोठं 'यु' हे अक्षर, यु म्हणजे गरम पाणी. बूट ठेवायला लाकडी पट्टीच्या किल्लीचे छोटे कप्पे. साध्या सेंतोचा दर टोकियोत सगळीकडे एकच असतो, तो सरकार ठरवतं. ऑगस्ट २०२४ पासून तो ५५० येन झाला, म्हणजे आपले तीनशे-साडेतीनशे रुपये. पूर्वी इथल्या घराघरांत न्हाणीघरं नव्हती, सगळा मोहल्ला इथेच यायचा. १९६८ च्या सुमारास शहरात अडीच हजारांवर सेंतो होती, आता पाचशेही उरलेली नाहीत. घरोघरी नळाला गरम पाणी आलं आणि ही बंद पडत गेली. आपल्याकडच्या बंबाचंही तेच झालं.

आई बाहेर बसली ती पाच मिनिटं. मग थंडीने म्हणा, कुतूहलाने म्हणा, "बघून तरी येते" म्हणत आत आली. कपडे ठेवायच्या खोलीत तिचा पदर सुटेना. कोणी तिच्याकडे पाहत नव्हतं, हे तिला पटायला वेळ लागला. सत्तरीच्या, ऐंशीच्या बायका. कुणाच्या पोटावर टाके, कुणाची पाठ वाकलेली, एकीला एक स्तन नव्हता. प्रत्येक जण आपापल्या कामात. आई मला हळूच म्हणाली, "सगळ्या माझ्यासारख्याच आहेत गं."

आत समोरच्या अख्ख्या भिंतीवर फुजी पर्वत. न्हाणीघरात फुजी रंगवायची रीत १९१२ साली टोकियोच्याच कान्दा नावाच्या भागातल्या किकाइयु या सेंतोपासून पडली. ही चित्रं काढणारे आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत. रीत अशी की पाण्यात उतरण्याआधी बुटक्या स्टुलावर बसून साबण लावून पूर्ण आंघोळ करायची. अंगावर फेसाचा कणही राहता कामा नये, केस वर बांधलेले हवेत, छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही. पिवळी धमक प्लॅस्टिकची बादली, त्यावर केरोरिन या डोकेदुखीच्या औषधाची जाहिरात. आईला ती बादली फार आवडली.

त्या दिवशी नेमकी इथली दक्षिणायनाची अखेर होती, वर्षातली सगळ्यांत मोठी रात्र. त्या दिवशी टाक्यात युझू नावाची पिवळी फळं सोडतात. बेचाळीस अंशांच्या पाण्यावर पन्नासेक फळं तरंगत होती. आईने एक उचललं, नखाने साल खरवडली, नाकाशी नेलं. "ईडलिंबूच की! आपल्या उटण्यासारखं झालं हे." शेजारच्या आजींना काय कळलं कोण जाणे, त्यांनी चार फळं ढकलत आईपुढे आणली. "अत्सुइ?" त्यांनी विचारलं. गरम वाटतंय का? आई मराठीत म्हणाली, "आहे, पण बरं वाटतंय."

आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला. बायका-पुरुषांमधली ती भिंत छतापर्यंत जात नाही, पलीकडचं सगळं ऐकू येतं. बाबा बादली अंगावर ओतत मोठ्याने म्हणत होते, "गंगे च यमुने चैव गोदावरि सरस्वति..." आईने डोळे मिटले. मी पाण्यात तोंड बुडवून घेतलं, रडू दिसू नये म्हणून.

काकू, आपली आजी कार्तिकात पहाटे कृष्णेच्या घाटावर जायची. तिथे बायका होत्या, पुरुष होते, भटजी होते, म्हशीसुद्धा होत्या. तिला कोणी निर्लज्ज म्हटलं नाही. इथे तर नुसत्या बायका असतात, दारं बंद असतात आणि नजरेची मर्यादा अशी पाळतात की आपल्याकडे पूर्ण कपड्यांत बसस्टॉपवरही तेवढी मिळत नाही. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण खरं आहे.

दहा वर्षं मी आईला दिवाळीला फक्त व्हिडिओ कॉल केला. तिच्या पाठीला हात लावला तो त्या संध्याकाळी. लोक म्हणतात, परदेशात गेलीस म्हणून हे सगळं सुटलं. पण वाईत राहिले असते तर? फ्लॅटमध्ये तिचं न्हाणीघर वेगळं, माझं वेगळं, गिझर वेगळा. मला नाही वाटत तिथेही मी कधी तिची पाठ चोळली असती.

मुक्कामाचे उरलेले दिवस आईच चार वाजल्यापासून पिशवी भरून बसायची. आंघोळीनंतर बाहेर बाकावर काचेच्या बाटलीतलं थंड कॉफीचं दूध, तेही तिला लागायचंच. शेवटच्या संध्याकाळी आत गेलो तर त्या आजी आधीच आल्या होत्या. आई दिसताच त्यांनी शेजारचं स्टूल ओढलं, त्यावर एक बादली गरम पाणी ओतून ते धुतलं आणि हाताने थोपटलं. आई जाऊन बसली आणि पाठ त्यांच्याकडे केली.