जनरेटरवर गप, लाईटवर बोंब

कुडाळ एमआयडीसीतल्या एका कारखान्यात एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर बोर्ड भरतात. भर पावसाळ्यात तिथलं पिक अँड प्लेस मशीन, म्हणजे पार्ट उचलून बोर्डावर ठेवणारं, मधेच थांबायचं. स्क्रीनवर सर्व्होचा, म्हणजे हेड हलवणाऱ्या मोटरचा, व्होल्टेज कमी पडल्याचा अलार्म आणि पार्ट उचलणारं हेड अर्ध्या वाटेत अडकलेलं. रीसेट केलं की चालू, मग पुन्हा तेच. मी पोचलो तेव्हा निदान होऊनही गेलं होतं: लाईट खराब. गेटवरच्या काकांनीही तेच सुनावलं, "तुमच्या मशिनीक लायटीचीच बाधा आसा. जनरेटरार कशी गप चालता!"

पटण्यासारखंच होतं. आधी पुण्याचा सर्व्हिस इंजिनीअर फोंडाघाट उतरून आला, सर्व्होचं कार्ड बदललं, बिल ठेवलं आणि "सप्लाय सुधारा" म्हणून निघून गेला. मग स्टॅबिलायझर आला. स्टॅबिलायझर विकणाऱ्यांना एक विचारावंसं वाटतं: त्यात मोटर फिरते, ब्रश सरकतो, मग व्होल्टेज सावरतं. 50 हर्ट्झची एक सायकल 20 मिलिसेकंदांची. दोन-तीन सायकलींचा झोल असेल तर मोटर हलायच्या आत खेळ संपलेला असतो. तो पैसा पाण्यात गेला होता.

मशीन जपानी, 200 व्होल्ट थ्री फेजवर चालणारं, म्हणून मागे 415 व्होल्टचे 200 करणारा ट्रान्सफॉर्मर. सर्व्होला वीज देणाऱ्या ड्राइव्हच्या आत त्या 200 चे सुमारे 280 व्होल्ट डीसी होतात. हेड वेग घेताना करंट खेचतं आणि नेमकं तेव्हाच एखादं फेज हुकलं तर डीसी बसतं. साधं मीटर लावून बघाल तर सगळं छान दिसतं, कारण ते सरासरी दाखवतं. पुणेकरांनी तेवढंच पाहिलं होतं.

मला वाट दाखवली ती लाईनवरच्या ऑपरेटर ताईने. पिंगुळीहून येते. प्रत्येक अलार्मची वेळ तिने वहीत मागच्या पानावर लिहून ठेवली होती. ती वही कुणीही मागितली नव्हती. पुण्याच्या माणसाने तर तिला बाजूला व्हायला सांगितलं. बहुतेक वेळा सकाळच्या, सोल्डर वितळवणारा रीफ्लो ओव्हन तापत असतानाच्या. म्हणजे लोड चढला की दुखणं. जनरेटरवरही ओव्हन तितकाच तापतो, मग तिथे का नाही? दोन्ही वाटांमध्ये काय वेगळं, एवढंच शोधायचं होतं. वीजकंपनीच्या मीटरपाशी थेट मोजलं, ओव्हन पूर्ण लोडवर असताना. तिन्ही फेज ठणठणीत.

मधे उरला चेंजओव्हर स्विच, कारखाना लाईटवरून जनरेटरवर आणि परत लाईटवर टाकणारा. त्यात लाईटचे कॉन्टॅक्ट वेगळे, जनरेटरचे वेगळे. आणि त्याची खोड अशी की हँडल 'ऑन'वर असताना दार उघडत नाही. त्यामुळे जो कुणी आत डोकावतो तो स्विच बंद करून, थंड झाल्यावर. गरम कॉन्टॅक्ट कुणाला दिसणारच नाही. हातमोजे चढवून, दार अडवणारा इंटरलॉक स्क्रूड्रायव्हरने सोडवून मी दार चालू लोडवर उघडलं. हे सवय नसलेल्याने करू नये. मग प्रत्येक फेजला मीटरची एक टोचणी कॉन्टॅक्टच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. बंद कॉन्टॅक्टवर व्होल्टेज जवळजवळ नसायलाच हवं. आर आणि बी फेजवर काही मिलिव्होल्ट. वाय फेजवर आकडा दोन-अडीच व्होल्टवर नाचत होता, आणि मीटर पीक पकडायला लावल्यावर त्याने मधेच नव्वदीच्या वर उडी मारली. आतून भाजलेल्या बेकेलाईटचा वास येत होता.

सगळं बंद करून स्विच खोलला. वाय फेजचा कॉन्टॅक्ट करवंटीसारखा काळा, मधोमध खड्डा, स्प्रिंगचा ताणच गेलेला. कारण साधं आहे. आमच्याकडे पावसात झाड पडलं की लाईट जाते, येते, परत जाते. प्रत्येक वेळी काका हँडल फिरवतात. लाईट परत आली की जनरेटरवरून लाईटवर, तेही ओव्हन चालू असताना, पूर्ण लोडवर. हा कॉन्टॅक्ट त्या ठिणग्यांनीच खाल्ला.

नवा स्विच बसवल्यावर अलार्म थांबले. मालक खूश. मला मात्र अडकून राहिलेल्या बोर्डांचं कोडं सुटत नाही. मशीन थांबलं की सोल्डर पेस्ट छापलेले बोर्ड लाईनवर उघडे पडतात, एसीही बंद असला तर आपल्या हवेत पेस्ट ओल धरते आणि ओव्हनमध्ये सोल्डरच्या गोळ्या उडतात. ती खेप वेगळी काढा म्हटलं. क्वालिटीवाल्याने "टेस्टला पास आहेत" म्हणून पाठवून दिली.

काकांना म्हटलं, हँडल फिरवायच्या आधी आतला मेन ब्रेकर पाडत चला. ते म्हणाले, "रातचा कुलूप लावून जातत. आत जाऊन ब्रेकर पाडूक माका चावी कोण देतलो?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. लोड आपोआप सुटेल असा कॉन्टॅक्टर गेटजवळच्या पॅनेलमध्ये बसवायचं कोटेशन दिलंय. स्टॅबिलायझरच्या मानाने किरकोळ रक्कम. मालक म्हणतात, गणपतीनंतर बघू.