सरकी, सातबारा आणि सेंट हेलेना बेट

आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, नवा फिटर पोरगा आला की मी त्याले आधी रोलरचं चामडं दाखवतो. आरीवालं यंत्र रुई झपाट्यानं काढते, पण लांब धागा तोडते. चामड्याचा रोलर धागा पकडून ओढतो, सरकी अलीकडेच राहते. व्हिटनीचं १७९३ चं आरीचं यंत्र शाळेच्या पुस्तकात असते. पण जगातला सगळ्यात नखरेल कापूस त्यात कधी घालत नव्हते. तो रोलरवरच निघायचा. त्याचं नाव सी आयलंड कापूस.

अमेरिकेतल्या दक्षिण कॅरोलायना, जॉर्जियाच्या किनाऱ्याला लागून ही बेटं आहेत. दमट उन्हाळा, बेताची थंडी, चहूकडे खारी दलदल. तिथल्या कापसाचा धागा दीड ते दोन इंच भरायचा. आपल्या यवतमाळकडचा तीस मिलिमीटर भरला तरी व्यापाऱ्याचा चेहरा खुलतो! पिकवणारे मात्र आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक आणि त्यांची लेकरं. त्यांना गल्ला-गीची म्हणतात.

त्यातलं एक बेट सेंट हेलेना. (नेपोलियनवालं नाही, ते वेगळं.) ७ नोव्हेंबर १८६१ ला यादवी युद्धात उत्तरेच्या आरमारानं पोर्ट रॉयलच्या खाडीत तोफा डागल्या आणि या भागातले मळेवाले मालक पळाले. मागं राहिला कापूस आणि सुमारे दहा हजार माणसं. याच युद्धानं अमेरिकेचा कापूस अडला, विलायतेच्या गिरण्या उपाशी पडल्या आणि आपल्या वऱ्हाडात भाव भडकले. खामगाव, अमरावतीच्या बाजारांना तेव्हाच बरकत आली. आमचं नाल्याकाठचं वावर त्याच तेजीत घेतलेलं, असं आजोबा सांगत. १८६५ ला युद्ध संपलं अन् भाव आपटले, हेही सांगत.

बेटावर १८६२ मध्ये लॉरा टाउन आणि एलेन मरे या बायांनी पेन स्कूल काढली. जमिनीची गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. पळालेल्या मालकांनी युद्धाचा कर भरला नव्हता, म्हणून सरकारनं मळे लिलावात काढले. त्यातले लहान तुकडे काल-परवापर्यंत गुलाम असलेल्यांनी मजुरीच्या पैशातून विकत घेतले. जानेवारी १८६५ मध्ये उत्तरेच्या जनरल शर्मननं हुकूम काढला, किनाऱ्याची जमीन गुलामीतून सुटलेल्या प्रत्येक कुटुंबाला चाळीस एकरापर्यंत. त्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष जॉन्सननं तो फिरवला आणि मालक परत आले. ज्यांच्याकडं खरेदीखत होतं, त्यांचं वावर राहिलं.

पुढं १८९३ च्या चक्रीवादळानं हजारोंचा संसार धुऊन नेला. १९२० च्या आसपास बोंड पोखरणारा सोंड्या भुंगा आला आणि तो लांब धाग्याचा कापूस संपला. आपण २०१७ ची गुलाबी बोंडअळी पाहिली, त्यामुळं मला जास्त समजावून सांगायची गरज नाही. लोक भाजीपाला, मासे, कालवं यावर जगले. जमीन विकली नाही.

ती जायला लागली ती कागदामुळं. म्हाताऱ्यानं मृत्युपत्र केलं नाही की जमीन सगळ्या वारसांची सामाईक. १९५६ ला शेजारच्या हिल्टन हेड बेटाला पूल झाला, रिसॉर्ट आले. शहरात गेलेल्या एखाद्या वारसाकडून बिल्डर हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटणी मागायचा, आणि कोर्ट अख्खी जमीन लिलावात काढायचं. वादळाची सरकारी मदत मागायला गेलं तरी ‘मालक कोण’ इथंच अडायचं. दक्षिण कॅरोलायनानं २०१६ मध्ये कायदा केला, आता आधी बाकीच्या वारसांना तो हिस्सा विकत घ्यायची संधी मिळते. सेंट हेलेनावर तर १९९९ पासून गोल्फ मैदानं आणि फाटकबंद वसाहतींना मनाई आहे. गल्ला लोकांनी ती मनाई अजून धरून ठेवली आहे.

आमच्या नाल्याकाठच्या वावराच्या सातबाऱ्यावर आजही आजोबांचं नाव आहे, खाली आत्या, काका आणि मेलेल्या काकांची पोरं. पीककर्जाला सगळ्यांच्या सह्या लागतात. पुण्याचा चुलतभाऊ फोन उचलत नाही. समृद्धी महामार्ग झाल्यापासून एक दलाल मात्र त्याला नेमानं फोन करतो म्हणे. पोळ्याला सगळे गावात येतात. यंदा पुरणपोळी वाढायच्या आधी वारसनोंद आणि वाटणीचा विषय मी काढणार आहे. आत्या रागावेल, आई म्हणेल सणाच्या दिवशी काऊन. काढणार म्हणजे काढणार.