तुम्ही विचारलंत म्हणून: मदरबोर्डला पाणी कशाला?

सांगलीत विश्रामबागेतल्या माझ्या दुकानात लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारी पोरं पीसी बनवून घ्यायला येतात. टेबलावर उघडा मदरबोर्ड आणि त्यावर तांब्याचा वॉटर ब्लॉक (आतून पाणी फिरवून उष्णता ओढून नेणारा ठोकळा) दिसला की प्रश्न ठरलेला: "दादा, प्रोसेसरला पाणी समजलं, पण मदरबोर्डला कशाला?" २०१९चा महापूर पाहिलेल्या गावात विजेशेजारी पाणी ठेवायला मन कचरणारच. म्हणून नीट सांगतो.

प्रोसेसरवर पंख्याचा साधा कूलर असतो तेव्हा त्याचा वारा आजूबाजूलाही लागतो. सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेच्या, कडेने छोट्या काळ्या चिपांची रांग असते, ती व्हीआरएमची. पॉवर सप्लायकडून आलेले १२ व्होल्ट ती प्रोसेसरसाठी सव्वा व्होल्टाच्या आसपास उतरवते. प्रोसेसर २०० वॅट खात असेल तर तिथून दीडशेहून जास्त अँपिअर जातात. शंभरातले दहा वॅट वाटेत वाया गेले असं धरलं तरी वीसेक वॅटची धग त्या नखाएवढ्या चिपांवर येते. प्रोसेसरला पाणी लावलं की तो पंखा जातो आणि त्याच्याबरोबर हा वाराही. मग एप्रिलच्या दुपारी चार तासांचं रेंडरिंग लावलं की प्रोसेसर गार असूनही मशीन मंदावतं, कारण व्हीआरएम फार तापली की बोर्ड प्रोसेसरचा वेग खाली आणतो. दोष मात्र प्रोसेसरवर येतो.

तरी मी आधी एक छोटा पंखा तिकडे वळवून बघा म्हणतो. बऱ्याच जणांचं तेवढ्यावर भागतं. चिपसेटला, म्हणजे बोर्डावरचे यूएसबी, डिस्क वगैरे सांभाळणाऱ्या चिपेला, तर पाण्याची गरज क्वचितच, तो काही वॅटच खातो.

ब्लॉक बसवताना सगळा जीव थर्मल पॅडमध्ये असतो, म्हणजे चिप आणि ब्लॉक यांच्यामध्ये बसणाऱ्या, उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पट्टीत. माझ्या पहिल्या बोर्डावर चिपा बुटक्या आणि शेजारचे चोक (व्हीआरएमचेच, आत तारेची गुंडाळी असलेले ठोकळे) उंच होते. मी दोन्हीवर सरसकट १ मिलिमीटरचा पॅड लावला. स्क्रू घट्ट बसले, दिसायला सगळं छान, आणि तपमान शंभरीपार! ब्लॉक उचलून पाहिला तर चोकवरचा पॅड चेपून पातळ झालेला, चिपांवरचा मात्र कोरा. एकाही चिपेचा ठसा त्यावर उमटला नव्हता. ब्लॉक चोकवरच टेकला होता. तेव्हापासून मी ब्लॉक एकदा बसवतो, परत काढतो, प्रत्येक चिपेचा चौकोनी ठसा पॅडवर मोजतो आणि मगच कायमचा बसवतो. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळत जायचे.

धातूचंही बघा. तांब्याचा ब्लॉक आणि अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर (पाणी गार करणारी जाळी) एकाच पाण्यात नको, अ‍ॅल्युमिनियम गंजतं. बोअरचं पाणी अजिबात घालू नका, क्षार साचून ब्लॉकच्या बारीक खाचा बुजतात. डिस्टिल्ड वॉटर वापरा, त्यात गंज आणि शेवाळ रोखणारं औषध घाला. डिस्टिल्ड वॉटरमधून वीज जवळजवळ वाहत नाही हे खरं, पण लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या बंद फेऱ्यात, फिरून त्यात धातू-क्षार उतरले की तो भरवसा धरू नका.

भीतीवर माझा उपाय एकच आहे. बोर्डाला वीज न देता पॉवर सप्लायच्या २४ पिनांच्या कनेक्टरला जंपर (बोर्डाशिवाय सप्लाय सुरू करणारी जोडणी) लावून फक्त पंप २४ तास चालवायचा आणि प्रत्येक फिटिंगभोवती टिशू पेपर गुंडाळायचा. दुसऱ्या दिवशी प्रत्येक टिशू बोटांनी चाचपून बघतो. एक जरी ओलसर लागला तरी ते फिटिंग उघडून बसवायचं आणि २४ तास पुन्हा पहिल्यापासून मोजायचे.

दुकानात येताना बोर्डाचा मॉडेल नंबर तेवढा लिहून आणा. व्हीआरएम ब्लॉकची भोकं बोर्डागणिक वेगळी असतात.