दूध होतं, बाळाची मान वळलेली होती

वॉर्डमधून फोन आला, "सिस्टर, त्या सिझेरियनवाल्या बाळंतिणीला दूधच नाहीये, जरा बघून जाता का?" स्तनपान समुपदेशक म्हणून काम करताना हे वाक्य इतक्यांदा कानावर पडतं की त्यावर माझा चटकन विश्वास बसत नाही. खरंच दूध कमी असणाऱ्या बायका असतात, नाही असं नाही. पण तिसऱ्याच दिवशी तसा निकाल लावून मोकळं व्हायची घाई फार होते.

फाइल चाळली. बाळाचं जन्माच्या वेळचं वजन २९०० ग्रॅम, आज सकाळी २६७०. म्हणजे जवळजवळ आठ टक्के उतरलेलं. पहिल्या दिवसांत वजन थोडं उतरतंच. पण सात टक्क्यांच्या पुढे काटा गेला की पाजताना समोर उभं राहून बघायलाच हवं, आणि दहाच्या पुढे गेला तर डॉक्टरांना वेगळा विचार करावा लागतो. 

मी गेले तेव्हा ती पाजतच होती. काही न बोलता बाजूला उभी राहिले. ती पलंगाच्या कडेला बसलेली, पाय लोंबकळत, पाठीला पोक, खांदे कानांपर्यंत चढलेले. बाळ मांडीवर उताणं, पोट छताकडे आणि नुसतं तोंड आईकडे वळवलेलं. तीच वाकून स्तन त्याच्या तोंडात देत होती. सासूबाई मागून त्याचं डोकं दाबत होत्या, "घे रे राजा, घे." त्या जितकं दाबत, तितकं ते मागे ताठत होतं. डोक्याच्या मागच्या बाजूला दाब पडला की बाळं असंच करतात, त्यात हट्ट वगैरे काही नसतो. दोन-चार वेळा ओढून त्याने सोडलं आणि टाहो फोडला. तिचे दात ओठांत रुतलेले.

सोडल्या सोडल्या मी बोंडी पाहिली. नव्या लिपस्टिकच्या टोकासारखी तिरकी चपटी झालेली, टोकाला बारीक चीर. बाकी काही विचारायची गरजच उरली नाही. नुसती बोंडी तोंडात गेली की ती जीभ आणि कडक टाळू यांच्यात चेंगरते. भोवतालच्या काळसर भागाचाही बराचसा घास घेतला तर बोंडी आत मऊ टाळूजवळ पोचते, तिथे ती चेंगरत नाही आणि दूधही नीट येतं. 

सासूबाईंना म्हटलं, "आजी, मान पूर्ण खांद्याकडे वळवा, आणि तशाच एक घोट पाणी पिऊन बघा." त्या प्यायल्या आणि ठसका लागला. "अगं बाई, गिळताच येत नाही की!" मग त्यांनीच नातवाकडे बघितलं. मला पुढे समजावत बसावं लागलं नाही.

मांडीवर आडवं घेतलं की बाळाचा भार टाक्यांवर येत होता, म्हणून ती त्याला अंगापासून लांब धरत होती. डाव्या बाजूला आधी काखेतली पद्धत करून पाहिली. पाठीला टेकायला आधार दिला, कुशीला उशी लावली, बाळाला काखेखालून घेतलं. पाय तिच्या पाठीकडे, त्याची पाठ तिच्या हातावर, तळवा त्याच्या खांद्यांखाली आणि बोटं कानांमागे मानेला. डोक्याला हात नाही. सगळं जमलं, आणि बाळाने मागच्या भिंतीला पाय लावून स्वतःलाच पुढे ढकललं! तळव्यांना काही टेकलं की ती अशी रेटा देतात. त्याचं ढुंगण भिंतीकडे सरकवून पाय वर भिंतीवर मोकळे सोडले, तेव्हा शांत झालं.

आता नाक बोंडीसमोर. बोंडी वरच्या ओठाला हलकेच लावायची आणि थांबायचं. हे थांबणंच कुणाला जमत नाही. बाळ ओठ चाटतं, अर्धवट तोंड उघडतं, आपल्याला वाटतं आता कोंबावं. नाही. जांभई देतं तसा मोठा आ केला की खांद्यांपासून झटकन जवळ घ्यायचं, हनुवटी आधी टेकली पाहिजे. तिसऱ्या खेपेला त्याने मोठा घास घेतला. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगीर, काळसर भाग वरून जास्त दिसतोय, खालून जवळजवळ नाही. आधी भराभर ओढलं, मग लय संथ झाली आणि बारीक 'क्-आ, क्-आ' ऐकू यायला लागलं. घोट! पान्हा फुटला होता. तिचे खांदे आपोआप खाली आले. 

उजवी बाजू मात्र ती द्यायलाच तयार नव्हती, चीर तिकडेच मोठी होती. तिला पलंगावर अर्धवट रेलून बसवलं आणि बाळाला तिच्या छातीवर पालथं, तिरपं ठेवलं, पाय टाक्यांपासून दूर कुशीकडे. ही रेलून पाजायची पद्धत सुझॅन कोलसन या ब्रिटनमधल्या सुईणीने अभ्यासून मांडली. २००८ साली तिने दाखवलं की आई अशी रेललेली असली की बाळाच्या उपजत हालचाली पाजण्याच्या आड येत नाहीत, उलट मदतच करतात. आमच्या या पठ्ठ्याने डोकं दोन-तीनदा आपटलं, गाल घासला आणि स्वतःच शोधून धरलं. सासूबाईंना ते काही पटेना, "नाक दाबलं जाईल ना!" हनुवटी रुतलेली आणि डोकं किंचित मागे असलं की नाक मोकळंच राहतं, ते दाखवलं. दुखलं का विचारलं, तर "पहिल्यांदा चटका बसला, मग नाही." असं असेल तर चालू द्यावं. कळ थांबतच नसेल तर करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवायची आणि पुन्हा धरायला लावायचं. ओढून काढलं की चीर वाढते.

नवऱ्याने पाजायची खास उशी मागवू का विचारलं. माझं मत विचाराल तर ती नंतर. आधी आईने आरामात बसायचं, मग स्तन जिथे आहे तिथे बाळ आणायचं, आणि जी पोकळी राहील तिथे घरातली कुठलीही उशी. बऱ्याच जणी उशीच्या उंचीला स्तन नेतात आणि पुन्हा पोक काढून बसतात.

रात्रीसाठी कुशीवर झोपून पाजणं शिकवलं, बाळाचं पोट आईच्या पोटाला लागून. सोफ्यावर किंवा खुर्चीत पाजता पाजता डोळा लागू द्यायचा नाही, हे नवऱ्याला दोनदा बजावलं, कारण तिथे बाळ फटीत अडकून गुदमरायचा धोका मोठा असतो.

डॉक्टरांनी वरचं दूध लगेच न लावता हाताने पिळून काढलेलं चिकाचं दूध चमच्याने द्यायला सांगितलं आणि दुसऱ्या दिवशीच्या वजनापर्यंत थांबले. काटा २६९० वर आला. वीसच ग्रॅम, पण वरच्या दिशेने. दिवसाला आठ ते बारा वेळा पाजायचं आणि पाचव्या दिवसापासून सहा तरी ओले लंगोट मोजायचे, एवढं सांगून घरी सोडलं.

पंधरवड्याने तपासणीला आली तेव्हा वजन जन्माच्या पुढे गेलं होतं, आणि ती बाळाला मांडीवर आडवं घेऊनच पाजत होती, पोटाला पोट लावून. टाके दुखायचे थांबले होते. काखेतली पद्धत विसरले म्हणाली. विसरू दे. कामावर परत गेल्यावर दूध काढून कसं ठेवायचं, हा तिचा पुढचा प्रश्न होता. त्याला वेळ लागतो, म्हणून वेगळी तारीख दिली.