पिठल्याची स्लाइड एकदाची कोरी!

मंडळी, माझ्याकडच्या मांजरीच्या तीन पिल्लांना कॉक्सीने (कॉक्सिडिया, आतड्यातला एकपेशीय परजीवी) छळलं होतं. आज सकाळी त्यातल्या पिठल्याच्या शीची स्लाइड या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली आणि एकही ऊसिस्ट (शीतून बाहेर पडणारं कॉक्सीचं अंड्यासारखं रूप) सापडला नाही. त्याची भावंडं ठेचा आणि मिरची आधीच सुटले होते. हा बोका मात्र नाव सार्थ करत बसला होता.

गाडी कुठे अडली होती ते आधी सांगते. टोल्ट्राझुरिल हे कॉक्सीवरचं औषध दिलं की शी सुधारायची, शीच्या पातळपणाचा स्कोअर 6 वरून 3 वर यायचा, वजन रोज 10-12 ग्रॅम चढायचं. आठवडा उलटला की पुन्हा पातळ, आव, वर रक्ताचे ठिपके. जिआर्डियाची (आतड्यातला दुसरा परजीवी) किट निगेटिव्ह, पॅन्ल्यूकची (पॅनल्यूकोपेनिया, मांजरांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) निगेटिव्ह, जंतांचं औषध पायरँटेल वेळच्या वेळी. औषध लागू पडत नाही म्हणावं, तर पडत होतं!

गोम पिल्लांच्या शी-शूच्या ट्रेमध्ये होती. औषध आतड्यातल्या कॉक्सीवर चालतं, बाहेर पडलेल्या ऊसिस्टला त्याचं सुखदुःख नाही. ताज्या शीतला ऊसिस्ट लगेच बाधत नाही. उबदार, दमट हवेत दिवस-दोन दिवसांत पिकतो आणि मग बाधतो. आमची जुलैतली बाल्कनी म्हणजे त्याचं माहेरच. फिनेल नाही, ब्लीच नाही, कशालाच तो बधत नाही. उकळतं पाणी किंवा वाफ मात्र त्याला सोसत नाही. अमोनियाही चालतो म्हणतात, पण दोन खोल्यांच्या घरात पिल्लं ठेवून तो वास? नकोच.

उकळत्या पाण्याने प्लॅस्टिकचे ट्रे वाकडे होतात. म्हणून बोहारणीच्या नजरेतून सुटलेल्या दोन स्टीलच्या पराती माळ्यावरून काढल्या. एक वापरात, दुसरी उकळतं पाणी ओतून कडकडीत कोरडी. ट्रेत घालायचे लाकडी पेलेट (भुशाच्या गोळ्या) बंद, त्याऐवजी वर्तमानपत्राच्या पट्ट्या. महागड्या पेलेटवर पातळ शी झाली की अर्धी पिशवी फेकायची, हा हिशोब मला कधीच पटला नव्हता. शी झाली की लगेच उचलायची, रात्रीचीही. आणि प्रत्येक वेळी कोमट पाण्याच्या बोळ्याने ढुंगण पुसायचं, कारण ही तिघं एकमेकांना चाटण्यात पटाईत.

औषधाबद्दल एक आगाऊपणा: कोंबड्यांसाठी मिळणारं अडीच टक्क्यांचं टोल्ट्राझुरिल फार अल्कधर्मी असतं, पिल्लाच्या तोंडाला फेस येतो. डुकरांच्या पिल्लांसाठीचं पाच टक्क्यांचं सस्पेन्शन मिळालं तर तेच बरं. डोस मात्र डॉक्टरांकडूनच, वजन करून. आणि पोट बिघडलं की डोळे मिटून मेट्रोनिडॅझोल हे अँटिबायोटिक देणाऱ्यांनो, कॉक्सीवर त्याचा उपयोग नाही. कडू चव आणि लाळेचा पूर तेवढा पदरी पडतो. सॅकरोमायसिस बोलार्डी हे प्रोबायोटिक मात्र माझ्या मर्जीतलं. ते यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही.

घरी स्लाइड कशी करते, असं काहींनी विचारलं होतं, म्हणून: मिठाचं संपृक्त द्रावण, त्यात शी कालवून गाळायची, नळी काठोकाठ भरून वर कव्हरस्लिप, पंधरा मिनिटं थांबायचं. शाळकरी मायक्रोस्कोपची 10एक्स लेन्स पुरते. फेलिसचा (मांजरांत आढळणारी कॉक्सीची एक जात) ऊसिस्ट जवळजवळ 40 मायक्रॉनचा, अंडाकृती. हवेचे बुडबुडे काळ्या कडेचे दिसतात, त्यांना भुलू नका. जिआर्डियासाठी हे द्रावण नको, त्यात जिआर्डियाचे सिस्ट (कवचातलं रूप) आकसतात. तिथे झिंक सल्फेट.

रविवारी पिठल्याला नव्या घरी पाठवायचं ठरलं होतं. पण हे लिहितानाच एक माशी परातीवरून उठून खाण्याच्या वाटीवर बसली. माश्या आणि झुरळंही ऊसिस्ट इकडून तिकडे नेतात! म्हणजे मी परात उकळून काढतेय आणि ही बया टपाल वाटतेय. आता पिंजऱ्यावर मच्छरदाणी, आणि वाट्या खाणं झालं की लगेच उचलायच्या. शिवाय संसर्ग झाल्यापासून शीत ऊसिस्ट दिसायला आठवडा-दीड आठवडा जातो, त्यामुळे एका कोऱ्या स्लाइडवर विसंबण्यात अर्थ नाही. नव्या घराच्या ताणाने लपलेली कॉक्सी उसळते, हे वेगळंच. पिठल्याला नेणाऱ्या ताईंना फोन करून रविवार रद्द केला.

पिठलं आज 640 ग्रॅम. भावंडांपेक्षा मागेच आहे, पण कोंबडीचा रस्सा पुढे ठेवला की आता मिरचीला ढकलून वाटीत शिरतो. पुढची स्लाइड मच्छरदाणी लावून आठवडा झाला की. कुणाकडे बारीक जाळीची, धुता येईल अशी मच्छरदाणी असेल तर सांगा. बाजारातली नखांपुढे टिकत नाही.