डोळ्याखालची जखम आणि दाढेचे तिसरे मूळ

बाळ्या पहिल्यांदा माझ्याकडे आला तेव्हा त्याच्या उजव्या डोळ्याच्या खाली सुपारीएवढी सूज होती आणि ती मधोमध फुटून पू वाहत होता. वय 9 वर्षे, वजन 28 किलो, रंगरूप लॅब्रॅडॉरचे आणि शेपटी आमच्या सांगलीकडच्या गावठी कुत्र्याची. त्याचे मालक, काका, एसटीतून निवृत्त झालेले चालक. उसाच्या फडात दुसऱ्या कुत्र्याशी भांडण झाले असावे, असा त्यांचा अंदाज होता आणि मलाही तो पटला. मी जखम धुतली, 7 दिवसांचे प्रतिजैविक लिहून दिले आणि हळद भरू नका असे बजावले. आठवड्यात जखम भरली. तिसऱ्या आठवड्यात ती त्याच जागी पुन्हा फुटली. तेव्हा मी औषध बदलून दिले, आणि आज मला खटकते ते नेमके हेच, कारण प्रतिजैविकाने भरून येणारी आणि ते थांबताच फुटणारी जखम आत काहीतरी शिल्लक असल्याचे सांगत असते, हे मला महाविद्यालयात शिकवलेले होते.

तिसऱ्या खेपेला मदतनिसाने त्याला शांत ठेवण्यासाठी पावाचा कडक तुकडा दिला. बाळ्याने तो घेतला, मान डावीकडे कलती केली आणि फक्त डाव्या बाजूने चावला. मी दोन्ही बाजूंचे ओठ उचलून पाहिले. डावीकडचे दात वयाच्या मानाने बरेच स्वच्छ होते, तर उजवीकडे दाढांवर पिवळट तपकिरी कीटण इतके साचले होते की दात कुठे संपतो आणि हिरडी कुठे सुरू होते ते कळेना. ज्या बाजूने कुत्रा चावत नाही त्या बाजूला घर्षण होत नाही आणि कीटण चढत जाते. ते नखाने थोडे उडवल्यावर वरच्या मोठ्या दाढेच्या बाहेरच्या अंगाची एक कपची उडालेली दिसली आणि तुटलेल्या जागी टाचणीच्या डोक्याएवढा काळा ठिपका होता. दाताचा गाभा उघडा पडून मेला होता. पहिल्या भेटीच्या केस पेपरवर मात्र माझ्याच अक्षरात ‘तोंड : नॉर्मल’ असे लिहिलेले होते.

ही दाढ म्हणजे वरची चौथी उपदाढ. कुत्र्याच्या 42 दातांपैकी मांस कातरण्याचे आणि हाड फोडण्याचे काम मुख्यतः तिच्यावर आणि तिच्यासमोरच्या खालच्या दाढेवर असते. तिला तीन मुळे असतात आणि त्यांची टोके डोळ्याच्या खालच्या हाडात जाऊन टेकतात. गाभ्यातून उतरलेला संसर्ग मुळाच्या टोकाशी पू धरतो आणि त्या पुवाला सर्वांत जवळची वाट गालाच्या कातडीतून, डोळ्याच्या खाली मिळते.

हे सगळे मी काकांना समजावून सांगितले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, “डोळ्याखाली फुटलंय आणि तुम्ही दाढ काढताय व्हय?”

दाढ तुटली कशाने, हे विचारल्यावर उत्तर लगेच मिळाले. दर रविवारी मटणवाल्याकडून नळी यायची आणि बाळ्या ती तासभर फोडत बसायचा.

शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री दहानंतर पोटात काही जाऊ देऊ नका, असे मी सांगितले होते, कारण भुलेत उलटी होऊन ती फुप्फुसात गेली तर जिवावर बेतते. सकाळी आठ वाजता काका हजर झाले. काही दिले नाही ना, असे विचारले तर म्हणाले, “छे. चहात बुडवलेली दोन बिस्किटं तेवढी. त्यानं काय पोट भरतंय?” मी बाळ्याला दुपारी दोनवर ढकलले. मधल्या वेळात एका बोक्याचे खच्चीकरण आणि एका कुत्रीची नसबंदी उरकली. बोक्याला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि टाकाही घालावा लागत नाही. लोकांना पोट उघडायची शस्त्रक्रिया मोठी आणि दात काढणे किरकोळ वाटते. त्या दिवशी कुत्रीचे गर्भाशय काढायला मला लागलेल्या वेळेच्या दुपटीहून अधिक वेळ बाळ्याच्या एका दाढेने घेतला.

भूल देऊन त्याच्या श्वासनलिकेत फुगा असलेली नळी बसवली, म्हणजे कीटण काढणाऱ्या यंत्राचे, स्केलरचे, पाणी आणि रक्त आत उतरणार नाही. घशात जाळीदार कापडाची ओली घडी, म्हणजे गॉज, ठेवले आणि त्याला बांधलेला दोरा तोंडाबाहेर लोंबता सोडला, कारण असे गॉज आत विसरले तर कुत्रा शुद्धीवर येताना गुदमरू शकतो. भूल न देता दात साफ करून मिळतात, असे काकांना कोणीतरी सांगितले होते. तशा सफाईत दात वरून चकचकीत होतात, पण खरा आजार हिरडीच्या खाली असतो आणि जाग्या कुत्र्याच्या हिरडीखाली कोणी नीट हत्यार चालवू शकत नाही. मी तरी तो प्रकार दिखाऊच मानतो.

एका दंतवैद्य मित्राने त्याचे आरव्हीजी, म्हणजे दातांचे डिजिटल एक्स-रे काढणारे यंत्र, दुपारपुरते दिले होते. माणसाच्या तोंडासाठी बनवलेला तो सेन्सर कुत्र्याच्या जबड्याला अपुरा पडतो, म्हणून तिरप्या कोनातून तीन एक्स-रे घ्यावे लागले. मागच्या आणि पुढच्या बाहेरच्या मुळाच्या टोकाभोवती हाड विरघळून काळे वलय झाले होते. दाढेच्या पुढच्या बाजूला, ज्या छिद्रातून मज्जातंतू बाहेर येतो तिथे मी बधिरतेचे इंजेक्शन दिले. संपूर्ण भूल असतानाही हे करावे, कारण त्यामुळे संपूर्ण भुलेचे औषध कमी लागते आणि शुद्धीवर आल्यावर पहिले काही तास वेदना होत नाहीत.

तीन मुळांची दाढ पक्कडीने उपटता येत नाही. तसा प्रयत्न केला तर मूळ तरी तुटते किंवा जबडा तरी. हिरडीचा पदर उचलून मी बाहेरचे हाड एअरोटरने, म्हणजे दातांच्या वेगवान ड्रिलने, थोडे कोरले आणि त्याचे कातणारे टोक, म्हणजे बर, फिरवून दाढेचे तीन तुकडे केले, प्रत्येक तुकड्याला एक मूळ. मग एलिव्हेटर, म्हणजे दात सैल करायचे चपट्या टोकाचे हत्यार, फटीत घालून हळूच वळवायचा आणि दहा-पंधरा सेकंद तसाच धरून ठेवायचा. दाताला धरून ठेवणारे तंतू थकून सुटतात, जोराने नव्हे. मागचे मूळ असे सुटले, पुढचे बाहेरचेही सुटले आणि त्याच्या खळग्यातून घाण वासाचा पू वर आला. टाळूकडचे तिसरे मूळ मात्र मधेच कट्कन मोडले.

तो आवाज ऐकल्यावर मदतनिसाने माझ्याकडे पाहिले. एक्स-रेत साधारण 4 मिलिमीटरचे टोक खळग्याच्या तळाशी दिसत होते. ते तसेच सोडले असते तर बाहेरून कोणाला कळले नसते, आणि काही आठवड्यांनी काका पुन्हा डोळ्याखालची सूज दाखवायला आले असते. ते टोक काढायला मला पाऊण तास लागला. बर खोल गेला तर नाकाची पोकळी उघडते आणि वर मज्जातंतू व रक्तवाहिनी असते, म्हणून एका हाताचे बोट कायम आधाराला ठेवून, सलाईनने धूत, बारीक हत्याराने ते खरवडत सैल केले. दरम्यान बाळ्याचे तापमान 36.8 अंश सेल्सिअसपर्यंत, म्हणजे कुत्र्याच्या नेहमीच्या तापमानाच्या बरेच खाली, उतरले, म्हणून टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या त्याच्या अंगालगत ठेवल्या. शेवटी तांदळाच्या कणीएवढा तो तुकडा गॉजवर पडला. मी पुन्हा एक्स-रे घेतला. खळगा रिकामा होता. हाडाच्या कडा घासून हिरडी ताण न देता विरघळणाऱ्या धाग्याने शिवली आणि दोरा ओढून गॉज बाहेर काढले.

काकांनी दाढ मागितली. मी तिचे तुकडे धुऊन औषधाच्या रिकाम्या डबीत घालून दिले.

पंधरा दिवसांनी बाळ्या फेरतपासणीला आला तेव्हा डोळ्याखालचे छिद्र मिटले होते आणि तिथे मऊ केस उगवू लागले होते. हिरडी गुलाबी होती. तो उजव्या बाजूनेही भाकरी चावतो आणि पूर्वीसारखा हाताला मुसंडी मारतो, असे काका सांगत होते. मग त्यांनी विचारले, “आता नळी द्यायची का नाही?” मी म्हणालो, ज्या वस्तूत अंगठ्याचे नख रुतत नाही ती त्याच्या तोंडात द्यायची नाही. काकांनी अंगठा माझ्या स्टीलच्या टेबलाच्या कडेवर दाबून पाहिला आणि बाळ्याकडे वळून म्हणाले, “बघ, हेबी चावायचं न्हाई.”